८९५ गोऱ्हे चढले, उतरायला बंदरच नाही

जिवंत जनावरं जहाजात भरून परदेशी पाठवायच्या धंद्याचा विषय निघाला की दहातले नऊ जण गल्फ लाइव्हस्टॉक १ चं नाव घेतात. ऑगस्ट २०२० मध्ये ते जहाज न्यूझीलंडच्या नेपिअर बंदरातून ५,८६७ गाई घेऊन चीनकडे निघालं, २ सप्टेंबरला जपानजवळ वादळात इंजिन बंद पडलं आणि बुडालं, ४३ माणसांतली फक्त २ वाचली. भयंकरच आहे ते. पण वादळाचं कसं असतं, सगळे हळहळतात आणि मग निसर्गापुढे कुणाचं काय चालतं म्हणून विषय मिटवून टाकायला मोकळे होतात. म्हणून मी इथे दुसरं प्रकरण घेतलंय. यात वादळ नाही, जहाज बुडालं नाही, कुणी मुद्दाम काठी घेऊन जनावर बडवलं असंही नाही, प्रत्येक ऑफिसने आपापल्या टेबलावरचं काम नियमाला धरून केलं आणि तरी शेवटी एकही जनावर वाचलं नाही. माझ्या मते या धंद्यातली मूळ गोची समजायची असेल तर हेच प्रकरण नीट वाचावं.

झालं असं. १८ डिसेंबर २०२० ला स्पेनच्या कार्तागेना बंदरातून 'करीम अल्लाह' नावाचं, लेबनॉनचा झेंडा लावलेलं जहाज ८९५ गोऱ्हे घेऊन सुटलं. जायचं होतं तुर्कस्तानात इस्केंदेरुनला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या या टोकाहून त्या टोकाला, रमतगमत गेलं तरी आठवडा-दीड आठवड्याचं काम. त्याच दिवशी तारागोनाहून 'एलबेक' नावाचं दुसरं जहाज सुटलं, टोगोचा झेंडा, आत सुमारे १,८०० जनावरं. त्याची गोष्ट पुढे सांगतो, पण तारीख लक्षात ठेवा, दोन्ही एकाच दिवशी निघाली.

त्याच सुमारास स्पेनच्या आरागॉन प्रांतात उएस्काच्या बाजूला ब्लूटंग सापडला. बातमी तुर्कस्तानात पोचली आणि त्यांनी जहाज अडवलं, वर स्पेनहून येणारी जिवंत जनावरंच बंद करून टाकली. स्पेनचं म्हणणं, आमची ही जनावरं रोगमुक्त भागातली आहेत, दाखले बघा. तुर्कस्तानचं म्हणणं, दाखले तुमचे, रिस्क आमची, नको. इथून पुढे ते जहाज भटकायला लागलं.

ब्लूटंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण याशिवाय कोण बरोबर कोण चूक हे कळणार नाही. हा विषाणूचा रोग, क्युलिकॉइड्स नावाची बारीक चिलटं चावून पसरतो. सगळ्यात जास्त झोडपतो मेंढ्यांना, तोंड सुजतं, जीभ निळसर पडते, म्हणून ते नाव. गाईबैलांत बहुतेक वेळा वरून काही दिसतच नाही, आणि तीच अडचण आहे, कारण गोऱ्हा दिसायला ठणठणीत, चारा खातोय, रवंथ करतोय, पण रक्तात विषाणू फिरतोय आणि चिलटाला तो मिळाला की गावातल्या मेंढ्यांचं वाटोळं. माणसाला काही होत नाही. मांस खाऊनही काही होत नाही. म्हणजे या जनावरांचं मांस करून पाठवलं असतं तर हा प्रश्न जन्मालाच आला नसता, रोगाची भीती होती ती फक्त जनावर जिवंत उतरतंय म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम परत वाचायला सांगेन.

त्यामुळे तुर्कस्तानला खलनायक ठरवण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या देशात मेंढ्या आहेत तो देश असलं जहाज घेणार नाहीच, तुम्ही-आम्ही त्या खुर्चीत असतो तर तेच केलं असतं. तुर्कस्तान सोडून मग लिबियात त्रिपोलीला प्रयत्न झाला, तिथेही नकार. बरं, उतरवून घ्यायला नको म्हणाले ते एक वेळ समजू, पण नुसता चारा भरून घ्यायलाही आत येऊ देईनात. एकदा का बाजारात 'रोगाचं जहाज' असं नाव झालं की बंदरवाले लांबूनच हात जोडतात. या सगळ्यात कित्येक दिवस त्या जनावरांना फक्त पाण्यावर काढावे लागले.

चाऱ्याचा हिशेब एकदा मांडूनच बघू, तोंडाने 'उपाशी राहिली' म्हणण्यात आणि आकडे समोर ठेवण्यात फरक पडतो. युरोपियन युनियनचा जनावरांच्या वाहतुकीचा कायदा आहे, २००५ चा रेग्युलेशन क्रमांक १. त्यात जनावरांच्या जहाजाला चारा-पाणी किती न्यायचं ते दिलंय, गाईबैलाला रोज वजनाच्या २ टक्के वैरण, आणि ठरलेल्या प्रवासाला लागेल त्यावर २५ टक्के किंवा तीन दिवसांचं जादा, यातलं जे जास्त ते. आता एक गोऱ्हा ३०० किलोचा धरू. रोजची ६ किलो वैरण. ८९५ गोऱ्ह्यांना रोज साधारण ५.४ टन. दहा दिवसांचा प्रवास धरला तर वरचे तीन दिवस मिळून तेरा दिवस, म्हणजे ७० टन. जहाज परत आलं २५ फेब्रुवारीला, म्हणजे निघाल्यापासून ६९ व्या दिवशी. ६९ दिवसांना लागणार ३७० टन. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, जहाजाचं रजिस्टर नाही, पण अंतर बघा ना केवढं आहे. नियम पाळूनसुद्धा पाचातले चार दिवस कोरडे. तीन दिवसांचं जादा हे वादळामुळे उशीर झाला, धक्का रिकामा नव्हता, असल्या गोष्टींसाठी ठीक आहे. समोरच्या देशाने दारच लावलं तर काय, हा विचार त्यात नाही.

आणि उपासाचं गाईबैलांच्या बाबतीत एक वेगळंच लफडं आहे. माणूस चार दिवस उपाशी राहिला आणि मग जेवला तर पोट थोडं बिघडेल, सावरेल. रवंथ करणाऱ्या जनावराचं कोठीपोट म्हणजे जिवंत भट्टी असते, आतल्या जंतूंना रोज वैरण लागते, वैरण बंद झाली की ते जंतू मरायला लागतात, आणि मग कुठूनतरी खुराक मिळाला म्हणून एकदम धान्य-पेंड टाकली की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं, लंगडतं, कधीकधी त्यातच जातं. म्हणजे उशिरा आलेला चाराही जपून द्यावा लागतो, हळूहळू, प्रत्येक जनावराकडे बघून. हे करायला जहाजावर डॉक्टर लागतो. खलाशी दोर ओढेल, इंजिन बघेल, त्याला कोठीपोटाचं काय कळणार, आणि तेवढी माणसंही नसतात.

डेकवर काय होत असेल

गोठा ज्याने बघितलाय त्याला शेणाचा वास नवीन नाही, शेण रोज उचललं जातं म्हणून तो वास सुसह्य असतो. जहाजावर एकावर एक डेक, प्रत्येक डेकवर कप्पे, कप्प्यात दाटीवाटीने जनावरं, खाली भुसा. भुसा दोन-चार दिवसांत भिजतो, मग त्यावर शेण, त्यावर मूत, त्यावर खूर, सगळ्याचा राडा. मुतातून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, नाकाची आतली कातडी सोलवटते, आणि मग फुप्फुसाचे आजार आत शिरायला रस्ता मोकळा. पंखे असतात, पण ते हवा हलवतात, शेण हलवत नाहीत.

शेण धुऊन का टाकत नाहीत? टाकतात की, खोल समुद्रात. पण मार्पोल नावाचा जहाजांच्या प्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या चौथ्या परिशिष्टात जिवंत जनावरांच्या जागेतून वाहणारं पाणी हे सांडपाण्यातच मोजलंय, आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. नियम चांगलाच आहे, लोक पोहतात, मासे धरतात. आता करीम अल्लाहसारखं जहाज कुठेतरी किनाऱ्याजवळ, परवानगीची वाट बघत नांगर टाकून उभं आहे असं समजा, शेवटी शेवटी ते इटलीच्या सार्डिनिया बेटावर कालियारीजवळ असंच थांबलेलं होतं. चालतं जहाज धुता येतं, थांबलेलं जहाज धुता येत नाही. आणि नकाराच्या प्रकरणात जहाज थांबूनच असतं.

हा वास किती असतो याचा अंदाज शहरातल्या लोकांना पहिल्यांदा आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये केपटाउनला. ब्राझीलहून इराककडे १९,००० गुरं घेऊन जाणारं 'अल कुवेत' चारा भरायला बंदरात लागलं आणि अख्ख्या शहरात घाण सुटली, नगरपालिकेची माणसं आधी ड्रेनेजचे प्लांट तपासत बसली, मग कळलं की धक्क्यावरच्या जहाजातून येतोय. तेव्हा ती जनावरं अडीच आठवडे आत होती. अडीच आठवडे. इथे आपण जवळजवळ दहा आठवड्यांचं बोलतोय.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही ती म्हणजे बसणं. गाय-बैल दिवसाचे दहा-बारा तास बसून काढतात, रवंथ बहुतेक बसूनच. राड्यात बसायला ती टाळतात, बसली तर अंगाला, पोटाखाली तो लगदा वाळून चिकटतो, आणि उभी राहिली तर जहाज हलतंय, चारही पायांवर सतत तोल सांभाळायचा. सांधे सुजतात, खूर मऊ पडतात. शिवाय हे सगळे नर, वयात येणारे, एकमेकांच्या अंगावर चढणारे, ओल्या लोखंडी फरशीवर. पडलेलं जनावर गर्दीत उठू शकलं नाही तर काय होतं ते लिहीत नाही.

मालक कोण?

आता कायद्याकडे येतो. युरोपच्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात सरळ लिहिलंय की जनावराला इजा होईल किंवा विनाकारण हाल होतील अशी वाहतूक कुणी करायची नाही, करवायचीही नाही. आणि २३ एप्रिल २०१५ ला युरोपच्या न्यायालयाने एका खटल्यात सांगितलंही होतं की हा कायदा युरोपच्या वेशीवर संपत नाही, जनावर युरोपातून निघालं असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत लागू. तो खटला जर्मनीतल्या केम्प्टनहून उझबेकिस्तानला ट्रकने जाणाऱ्या गाईंचा होता. म्हणजे तत्त्व ठरलेलं होतं. पण तत्त्व पाण्यावर कुणी राबवायचं?

बघा हं, गोऱ्हे स्पेनचे. निर्यातदार स्पेनमध्ये. जहाजाची कंपनी वेगळी. झेंडा लेबनॉनचा, म्हणजे भर समुद्रात त्या जहाजावर लेबनॉनचा कायदा. घेणारा तुर्कस्तानात, त्याने घेतलाच नाही. उभं आहे इटलीच्या समोर. यातल्या कुणालाही फोन लावा, तो दुसऱ्याचं नाव सांगणार. निर्यातदार म्हणणार मी दाखले घेऊन माल दिला, जहाजवाला म्हणणार मी फक्त गाडीवाला, माल माझा नाही, झेंडेवाल्या देशाला तर बहुधा जहाज कुठे आहे हेही विचारावं लागत असेल. अशी टोलवाटोलवी माणसांच्या सामानाच्या बाबतीत चालली तर फार तर कंटेनर गोदीत सडत पडतो, वकील भांडत बसतात. इथे माल श्वास घेतोय आणि त्याला रोज पाणी लागतंय.

मग म्हणाल परत स्पेनला का नाही नेलं लगेच, पहिल्याच आठवड्यात? हाच तर कळीचा मुद्दा. जनावर एकदा युरोपातून बाहेर पडलं, दुसऱ्या देशाच्या बंदराशी गेलं, तिथलं पाणी-चारा पोटात गेला, की परत येताना ते 'आपलं जनावर' राहत नाही, बाहेरून येणाऱ्या जनावराचे सगळे नियम लागतात आणि ते नियम हे जनावर पुरं करूच शकत नाही. निर्यातदारालाही परत आणण्यात फायदा नव्हता, परत आणलं की नुकसान पक्कं, कुणीतरी घेईल या आशेवर फिरवत राहिलं तर थोडे तरी पैसे सुटतील. धंद्याच्या बाजूने तो विचार बरोबरच म्हणायचा, आणि म्हणूनच मी म्हणतो की इथे वाईट माणूस शोधत बसू नका. फिरवत ठेवणं स्वस्त आणि परत आणणं महाग, अशी जर रचना असेल तर जहाज फिरतच राहणार.

२५ फेब्रुवारी २०२१ ला जहाज कार्तागेनाला परत लागलं. स्पेनच्या सरकारी पशुवैद्यकांनी वर जाऊन बघितलं. जिवंत सापडले ८६४. प्रवासात मेलेले २२, त्यातल्या दोघांची कलेवरं अजून जहाजावरच होती, बाकीच्यांचे तुकडे करून समुद्रात टाकले होते. बेरीज करून बघा, ८६४ आणि २२ म्हणजे ८८६, चढले होते ८९५. नऊ कमी. समुद्रात मोजदाद ठेवणारा एकच, जहाज स्वतः, त्यामुळे कानातल्या बिल्ल्यांचा हिशेब लागला तर लागला.

डॉक्टरांचा निष्कर्ष असा की लांबलेल्या प्रवासाने जनावरांचे हाल झालेत, ती आता पुढे कुठे पाठवण्याच्या लायकीची नाहीत, आणि युरोपात आत घेता येणार नाहीत, तेव्हा दयामरण हाच योग्य मार्ग. जहाजवाल्यांच्या बाजूने वकिलाने सांगून बघितलं की आधी रक्त तपासा, रोग आहे का नाही ते तरी कळू द्या. उपयोग झाला नाही. ६ मार्चला बंदरातच मारायला सुरुवात झाली.

दयामरण हा शब्द मला इथे खटकतो. बरा होणार नाही अशा, वेदनेत तडफडणाऱ्या जनावराला डॉक्टर झोपवतो त्याला दयामरण म्हणतात. त्या ८६४ मधले काही तसे असतीलही. पण सगळे? एकजात ८६४? काहींना खायला घालून, धुऊन, महिनाभर वेगळं ठेवून उभं करता आलं असतं असं कुठलाही जनावरं पाळणारा माणूस सांगेल. ते मेले कारण त्यांना उभं करायला कायद्यात जागाच नव्हती. धक्क्यावर उतरले तर बेकायदा आयात, जहाजावर ठेवले तर बेकायदा हाल.

आणि रोगाचं गणित बघितलं तर आणखी विचित्र वाटतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीत ब्लूटंगचा संसर्गाचा काळ ६० दिवस धरतात. म्हणजे निघायच्या आधी एखाद्या गोऱ्ह्याला चिलट चावलं असेल तर ६९ व्या दिवशी, त्या नियमावलीच्या हिशेबाने, तो काळ उलटून गेलेला. जहाज विलगीकरणाचं कामच करत होतं एका अर्थी, फक्त अमोनियात आणि उपाशीपोटी. वाटेत बंदरांजवळ नव्याने चिलटं चावली असतील ही शंका राहतेच, तिचा निकाल रक्त तपासून लागला असता. पण माझं म्हणणं असं की तोपर्यंत रोग हा मुद्दाच बाजूला पडला होता, सुरुवात रोगाच्या भीतीने झाली आणि शेवट नियमांच्या कात्रीत.

मरतुकीचा आकडा फसवतो तो असा

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. २२ भागिले ८९५ केलं की अडीच टक्क्यांच्या आत येतं. या धंद्यात 'कल्याण' मोजायची सगळ्यात जुनी पट्टी म्हणजे मरतूक, शंभरातली किती पोचायच्या आधी मेली. मेंढ्यांच्या जहाजांना ऑस्ट्रेलियात २०१८ पर्यंत २ टक्क्यांपर्यंत मरतूक झाली तरी चौकशीची गरज नव्हती, 'अवासी एक्सप्रेस'वर २०१७ च्या ऑगस्टमध्ये उष्म्याने सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या आणि त्याची दृश्यं लोकांनी टीव्हीवर बघितली तेव्हा ती मर्यादा १ टक्क्यावर आणली. आता या पट्टीने करीम अल्लाह मोजा. ६९ दिवसांत अडीच टक्के मेली, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के 'सुखरूप' असं एखादा म्हणेल की नाही? आणि त्याच सुखरूप जनावरांकडे बघून डॉक्टर म्हणतात, यांना मारून टाका. गाईबैल चिवट असतात हो, मरायला वेळ लागतो त्यांना. मेलेली मोजून जिवंतांचं काय चाललंय ते कळत नाही, किती बसली, किती लंगडतायत, किती खोकतायत, वजन किती उतरलं, हे कुणीतरी आत उभं राहून लिहावं लागतं.

एलबेकचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे मला जास्त राग येतो तो या दुसऱ्या जहाजाचा. १९६७ सालचं बांधलेलं जुनं जहाज, तेही असंच दारोदार हिंडलं, सायप्रस, ग्रीसच्या समुद्रात, कुणी घेतलं नाही. करीम अल्लाह परत आलं तेव्हा एलबेक अजून समुद्रातच होतं, सगळ्या युरोपला माहीत होतं, वर्तमानपत्रांत रोज येत होतं, आत काय परिस्थिती असणार याचा नमुना कार्तागेनाच्या धक्क्यावर समोर दिसला होता. तरी ते कार्तागेनाला परतलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तीन महिन्यांनी. तोवर आतली सुमारे १८० जनावरं मेली होती. उरलेली सोळाशेच्या घरात, त्यांनाही तेच, तिथेच मारून टाकलं. पहिल्या जहाजाला आपण 'कल्पना नव्हती' म्हणून एक वेळ माफ करू, दुसऱ्याला काय म्हणणार?

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं

आणि खरं तर कल्पना नव्हती हेही पटत नाही, कारण सतरा वर्षांपूर्वी हुबेहूब हेच होऊन गेलं होतं. ऑगस्ट २००३, 'कॉर्मो एक्सप्रेस', ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून ५७ हजारांवर मेंढ्या घेऊन सौदी अरेबियाला. सौदी म्हणाले ६ टक्के मेंढ्यांच्या तोंडाला फोड आहेत, घेत नाही. ऑस्ट्रेलिया म्हणाली तेवढ्या नाहीत. मग तेच, देशोदेशी विचारणा, नकार, आणि ऑक्टोबर संपत आला तेव्हा एरिट्रियाने उतरवून घेतल्या, तोवर साडेपाच हजारांवर मेल्या होत्या. फुकट दिल्या, वर चारा आणि पैसेही द्यावे लागले.

फरक एवढाच की ऑस्ट्रेलियाने त्यातून एक कामाची गोष्ट केली. चौकशी नेमली, आणि नंतर माल घेणाऱ्या देशांशी लेखी करार करायला लागले की जहाज आलं की ३६ तासांत जनावरं खाली उतरवायची, रोगाची शंका असली तरी, वेगळ्या वाड्यात विलगीकरणात ठेवा, तपासा, भांडा, काय हवं ते करा, पण जमिनीवर. म्हणजे वाद कागदावर चालू राहतो आणि जनावर घट्ट जमिनीवर उभं असतं. ऑस्ट्रेलियाचा धंदा त्यामुळे स्वच्छ झाला असं अजिबात नाही, अवासी एक्सप्रेस त्यानंतरचंच. पण हा एक धडा होता, जगासमोर पडलेला, आणि युरोपने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

२०२१ नंतर युरोपात हालचाल झाली नाही असं नाही. युरोपियन पार्लमेंटची या विषयावरची चौकशी समिती आधीच नेमलेली होती, तिच्या अहवालानंतर जानेवारी २०२२ मध्ये पार्लमेंटने शिफारशी मंजूर केल्या. २०२३ मध्ये जनावरांच्या जहाजांना आपत्कालीन योजना लेखी ठेवण्याविषयी आणि तपासण्यांविषयी नवे नियम आले. वरातीमागून घोडं, पण आलं तरी. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपियन कमिशनने अख्खा कायदाच बदलायचा प्रस्ताव मांडला, त्यात प्रवासाच्या तासांवर मर्यादा आहेत, कत्तलीला नेत असाल तर ९ तास, एरवी २१, पण गंमत बघा, समुद्रावरचा वेळ त्यात धरलेलाच नाही. ट्रकमध्ये दहावा तास बेकायदा आणि जहाजात दहावा दिवस कायदेशीर. दुसरीकडे न्यूझीलंडने एप्रिल २०२३ अखेर समुद्रमार्गे जिवंत जनावरांची निर्यातच बंद केली (नंतरच्या सरकारने ही बंदी उठवायचं आश्वासन दिलं होतं, तो वेगळा विषय), ब्रिटनने मे २०२४ मध्ये कत्तलीसाठी आणि पोसण्यासाठी जिवंत निर्यात बंद करणारा कायदा केला.

सरसकट बंदी हाच उपाय का, यावर माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही असं प्रामाणिकपणे सांगतो. मांस गोठवून पाठवा हे बोलायला सोपं आहे, घेणाऱ्या देशाकडे थंड गोदामांची साखळी लागते, आपल्या रीतीने, आपल्या डोळ्यांसमोर कापलेलंच मांस घेणारे लोक असतात, पैदाशीच्या गाई तर गोठवून पाठवता येतच नाहीत. आणि एका देशाने बंद केलं की घेणारा दुसऱ्या देशातून घेतो, आणखी लांबून. हे सगळं खरं. पण करीम अल्लाहवर पैदाशीची जनावरं नव्हती, ती पोसून कापायचीच होती, म्हणजे शेवटी मांसच होणार होतं, प्रश्न फक्त कुठे. निदान तेवढ्या भागासाठी तरी जिवंत नेण्याचा हट्ट मला समर्थनीय वाटत नाही.

आणि जोवर नेतायत तोवर निघायच्या आधी काय मागायचं हे या प्रकरणातून अगदी स्पष्ट दिसतं. घेणाऱ्या देशाने नकार दिला तर जनावरं कुठे उतरणार, त्या दुसऱ्या बंदराचं नाव आणि त्या बंदराची लेखी हमी. ती नसेल तर परत आपल्याच किनाऱ्यावर विलगीकरणाचा वाडा, आणि तिथवर आणण्याचा, तपासण्याचा, खायला घालण्याचा खर्च निर्यातदाराकडून आधीच डिपॉझिट म्हणून घेतलेला, म्हणजे फिरवत ठेवणं स्वस्त पडणार नाही. जहाजावर एक डॉक्टर, ज्याचा पगार जहाजवाला देत नाही. निर्यातदार म्हणणार याने धंदा परवडणार नाही. नसेलही परवडत.

सध्याच्या कायद्यात लांबच्या प्रवासासाठी एक प्रवासनोंदीचा फॉर्म भरावा लागतो. पहिल्याच पानावर नियोजन असतं, आयोजकाचं नाव, निघायचा देश, जागा, तारीख, वेळ, पोचायचा देश, जागा, तारीख, वेळ, जनावरं किती, वजन किती, दाखल्याचे नंबर, वाटेतले थांबे. खाली आयोजकाची सही, संपूर्ण प्रवासात जनावरांच्या कल्याणाची योग्य व्यवस्था मी केलेली आहे म्हणून. पोचायच्या जागेसाठी त्यात रकाना एकच आहे.